तटाबाहेरचा चहा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. काल वाण्याच्या माणसाने जाळीच्या दारातून चहाचा पुडा आत सरकवला. दार न उघडताच मी तो घेतला आणि मला चीनमधलं कँटन बंदर आठवलं.

शाळेत इतिहास शिकवताना तो धडा मी रंगवून सांगत असे. चीनच्या बादशहाने युरोपच्या व्यापाऱ्यांना ते एकच बंदर नेमून दिलं होतं, आणि तिथेही त्यांच्या वखारी शहराच्या तटाबाहेर. चहा आणि रेशीम बाहेर यायचं, चांदी आत जायची, माणसाला मात्र आत पाऊल टाकायची मनाई. "केवढी ही घमेंड," मी म्हणायचो आणि वर्ग हसायचा.

चीनशी युद्ध पेटलं तेव्हा आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर लीसाहेब, घराणं चिनी पण जन्माने मुंबईकरच, एका संध्याकाळी चहाचा डबा घेऊन माझ्या दाराशी आले. त्यांच्या दवाखान्यात तेव्हा कुणी फिरकत नव्हतं.

"मास्तर, दाढ काय म्हणते? आज चहा माझा, साखर तुमची."

समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं. मी डबा घेतला आणि म्हणालो, "घरात पाहुणे आहेत."

माझ्या खांद्यावरून त्यांना रिकामी खोली दिसत होती. "मग त्यांना पाजा," ते हसून म्हणाले. पुढे ते गल्ली सोडून कुठे गेले, मी विचारलंही नाही.

आता चहा उकळताना मी दाराकडे पाहत बसतो. मला मागता न आलेली माफी काही फार लांबलचक नव्हती. लीसाहेब, आत या. घरात कोणी नाही.