कात्रीबाईंची छोटी गोळी

गल्लीत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या घरच्या दुकानात धाकटी जाऊ मशिनवर बसे आणि कापड कापायचं काम यांच्याकडे. एकावर एक बारा पदर घालून खडूची रेघ ओढली, की कात्री अशी चाले, की धागा इकडचा तिकडे होत नसे. तोंडही तसंच चाले. एखाद्या गुरुजींनी पोट आत ओढून माप दिलं, तर टेप तशीच धरून म्हणत, "सोडा श्वास, मला घाई नाही."

बेचाळिसाव्या वर्षी बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटेना, कात्रीच्या कडीत अंगठा शिरेना. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, असा हा संधिवात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि दोन औषधं दिली. एक आठवड्यातून एकदा घ्यायचं, गुण यायला दोन-तीन महिने लावणारं. दुसरी रोजची छोटी पांढरी गोळी, स्टेरॉइडची. पहिलं लागू पडेपर्यंतच घ्यायची, असं बजावलं होतं.

छोट्या गोळीनं तिसऱ्याच दिवशी मूठ मिटली. आठवड्याच्या औषधानं मात्र पोटात ढवळायचं, आणि शाळा उघडायचा हंगाम तोंडावर आलेला. बाईंनी मनाशीच निकाल लावला: ढवळणारं बंद, छोटी चालू. दवाखान्याची पायरी सुटली. औषधाचा दुकानदार ओळखीचा, त्या दारात दिसल्या की न विचारता पट्टी काढून ठेवी. दुखणं डोकं वर काढू लागलं की त्या एकाच्या दोन करत. बघता बघता नऊ वर्षं गेली.

मग एका दुपारी निळ्या कापडाचा तागा टेबलावर घेताना पाठीत कट्कन वाजलं. तागा काही फार जड नव्हता. त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. श्वास घ्यायची चोरी झाली.

एक्स-रेत दोन मणके चेपलेले दिसले. उंची दीड इंच घटली होती. हाड रोज झिजतं, रोज भरून निघतं. हा आजार मुळात ते पोखरतो, त्यात ही गोळी भरून काढणाऱ्याचेच हात बांधते, असं डॉक्टरबाईंनी न रागावता समजावलं.

"मग आजपासून बंद," कात्रीबाई म्हणाल्या.

"तसं नाही करता येणार. इतकी वर्षं स्टेरॉइड आयतं मिळतंय म्हणून शरीरानं स्वतःचं बनवायचं सोडलंय. एकदम थांबवाल तर जिवावर बेतेल."

"म्हणजे घेतली तर हाडं जाणार, आणि सोडली तर मी."

डॉक्टरबाईंनी गोळी थोडी थोडी कमी करत न्यायची ठरवली. ढवळणारं औषध पुन्हा आलं, सोबत ढवळणं कमी करणारी गोळी. हाडांसाठी आणखी एक, आठवड्यातून एकदा उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. ती घेतली की अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. आणि पाठ तर आडवी हो म्हणून टाहो फोडायची. कमरेला पट्टा, समोर भिंत. शिंक येणार असं वाटलं तरी त्या आधी खाटेची दांडी धरत. गोळी कमी झाली की पुन्हा बोटं फुगत.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी जावेला हळूच औषधाच्या दुकानात छोट्या गोळीची जादा पट्टी आणायला धाडलं. ती रिकाम्या हातानं परतली.

"ताई, आजवर तुमचा शब्द कधी मोडला नाही. हा मोडते."

दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी ब्लाउजचं बटण काही केल्या लागेना. बराच वेळ झटून त्यांनी हाक मारली, "ये गं जरा." जाऊ आली, बटणं लावली, आणि मशिनवर जाऊन बसली.

आता दीड वर्ष झालंय. ढवळणारं औषध लागू पडलं आहे. कापड जाऊ कापते, त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून मापं वाचतात. रेघ वाकडी गेली की हात उचलला जातो, मग मांडीवर परत येतो. परवाच्या तपासणीत हाडं भरलेली नव्हती, पण आणखी झिजलीही नव्हती. डॉक्टरबाईंना ते चांगलं वाटलं. छोटी गोळी अर्ध्यावर आली आहे. ती अर्धी कधी सुटेल, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही.