दीड इंची स्क्रू

भाडेकरू निघाला की काकू वरच्या मजल्यावर जायच्या त्या हातात बॅटरी घेऊन, भर दुपार असली तरी. झोत भिंतीला चिकटवून धरला की बुजवलेलं भोक, दडवलेली ओल, घाईत फिरवलेला रंगाचा ब्रश, सगळं उघडं पडतं. गल्लीत त्यांना ‘भिंगकाकू’ म्हणत आणि ते त्यांच्या कानावरही होतं. नवरा गेल्यापासून खालचं कुलपा-किल्ल्यांचं दुकान आणि वरच्या भाड्याच्या दोन खोल्या त्या एकट्या सांभाळत होत्या. मऊपणाने वागून यातलं काहीच टिकलं नसतं.

आजचं जोडपं दोन वर्षं राहिलं होतं. सामानाने भरलेला टेम्पो खाली उभा होता. नवरा स्वयंपाकघरात हसतमुख, बायको दाराशी केरसुणी धरून. ओट्याची कड उडाली होती, नळ गळत होता. नवऱ्याने सगळं झटक्यात कबूल केलं.

“कापून घ्या काकू. डिपॉझिट असतं कशासाठी?”

इतका सरळ माणूस भाडेकरू म्हणून पुन्हा मिळायचा नाही, असं काकूंच्या मनात आलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या.

दार आतून बंद केलं की कडी चौकटीवरच्या ज्या पट्टीत बसते, तिच्याभोवतीचा रंग बाकीच्यापेक्षा ताजा होता. काकूंनी नख लावलं. पुट्टीचा पापुद्राच निघाला आणि खाली वीतभर चिरलेलं लाकूड दिसलं. त्यांचा पारा चढला. सागवानी चौकट होती ती, खुद्द काकूंच्या नवऱ्याने निवडून आणलेली. दमट हवेत दार फुगतं, ओढताना निघालं असेल, असं भाडेकरू सांगत होता. पण ओढून पट्टी अशी उखडत नाही. बाहेरून धक्का बसला तरच उखडते. आणि ती एकदा उखडली नव्हती. स्क्रूच्या जुन्या भोकांच्या तीन जोड्या पुट्टीने बुजवल्या होत्या, दर वेळी पट्टी बोटभर वर सरकवून बसवली होती.

काकूंनी झोत स्क्रूवर आणला. गोल डोक्याचे, पितळी. गल्लीत असे स्क्रू एकाच दुकानात मिळत, खाली त्यांच्या स्वतःच्या.

तीनदा आली होती ही भाडेकरूची बायको. आधी पाऊण इंची नेले. काही महिन्यांनी एक इंची. तिसऱ्यांदा काउंटरवर बोटं टेकवून तिने विचारलं होतं, याहून मोठे मिळतील का? आणि काकू हसून म्हणाल्या होत्या, दीड इंची ने, हत्तीने धडक दिली तरी हलायचे नाहीत. कशाला हवेत, हे विचारलं नव्हतं. कुलूप मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही, लोकांच्या घरात डोकवायला आपण दुकान मांडलेलं नाही, ही गेलेल्या नवऱ्याची शिकवण. ती त्यांनी आजवर मिरवली होती.

खाली हॉर्न वाजला.

“काय होईल ते सांगा आणि सोडा आम्हाला,” भाडेकरू म्हणाला. बायको चौकटीकडे बघतच नव्हती. तिची नजर काकूंच्या तोंडाकडे होती.

काकूंनी बॅटरी बंद केली आणि आवाज चढवला. “पैशाने भागायचं नाही. ही सगळी पुट्टी खरवडून, चौकट घासून द्यायची, मगच जागा सोडायची. हिला ठेवा इथे. तुम्ही जा सामान उतरवायला.”

त्याचं हसू मावळलं. “ती माझ्याबरोबर येईल.”

“मग तुम्ही बसा घासत. टेम्पोवाला थांबेल की.”

टेम्पोवाला थांबणार नव्हता. तासाचे जादा पडतील, असं तो खालून ओरडून सांगत होता. भाडेकरूने बायकोकडे पाहिलं. “तासाभरात न्यायला येतो. तोवर फार तोंड चालवू नकोस.” खोलीची चावी त्याने काकूंना दिली नाही, खिशात टाकली आणि तो जिना उतरला.

ती खरोखरच पॉलिशपेपर घेऊन घासायला बसली. काकूंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. विचारायचं होतं, पण असल्या प्रश्नांची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

“कडी लावून किती वेळ बसायचीस गं?”

“झोप लागेपर्यंत,” ती म्हणाली. “त्याला.”

तिचा फोन त्याच्याकडे होता. काकूंच्या फोनवरून तिने बहिणीला गाठलं. बहीण लगेच निघते म्हणाली, पण पोचायला दोन तास लागणार होते. तो एका तासात येणार होता.

काकू दुकानातून नवं लॅच आणि पेचकस घेऊन आल्या. बाहेरच्या दाराचं लॅच त्या एरवी बोलता बोलता बदलायच्या. आज स्क्रू दोनदा हातातून निसटला. तिने तो जमिनीवरून शोधून दिला, मग लॅच जागेवर धरून ठेवलं.

चार वाजायला आले तेव्हा किल्ली लॅचमध्ये शिरली. फिरेना. पुन्हा शिरली.

“काकू, लॅच अडकलंय बघा.”

काकूंनी तोंड उघडलं, पण तिने हाताने त्यांना थांबवलं.

“अडकलं नाही. बदललंय,” ती दाराला म्हणाली. “मी येत नाहीये.”

बाहेरून खांद्याची पहिली धडक बसली. बायको भिंतीशी सरकली. तिला तो आवाज पाठ होता. दुसऱ्या धडकेला काकू खिडकीशी धावल्या आणि भाडेकरूंच्या नावाने काढायच्या त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात त्यांनी गल्ली उठवली. माझं दार फोडतोय, या बघायला, नवं लॅच आहे माझं! समोरचा शिंपी सुई शर्टातच सोडून उठला. शेजारचे दोघे जिना चढले. दोन वर्षं याच भिंतीपलीकडे राहणारी माणसं, दार फुटतंय म्हटल्यावर मिनिटात हजर झाली.

नवरा-बायकोत होतंच हो असं, असं तो त्यांना समजावू लागला. शिंप्याने विचारलं, मग दाराने काय केलं? कुणी हसलं नाही. जरा वेळाने भाडेकरूची पावलं जिना उतरून गेली.

आता बस जरा, काकू तिला दोनदा म्हणाल्या. ती दाराला पाठ लावून उभीच राहिली, बहिणीची हाक जिन्यात ऐकू येईपर्यंत.