झुल्याखाली उभी राहणारी शोभा

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. इंद्रपुरी, भोपाळ.
पुण्याहून येणारी गाडी पन्नास मिनिटं उशिरा. घरी पोचले पावणेअकराला. थंडी वाढली आहे, स्वेटर कपाटातून काढला. कुंड्या कोरड्या. शोभा गाडीत अजिबात झोपली नाही. सकाळी इटारसी आली तेव्हाही डब्यात या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या घालत होती.

रोजनिशीत एवढं लिहून पेन खाली ठेवलं. रोज पाच-सहा ओळी, तारीख-वार आणि जे घडलं तेवढंच, ही सवय नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावली आणि साठ वर्षं ती टिकली. पण शोभाचं त्या पाच-सहा ओळींत मावेना. म्हणून ही वेगळी वही काढली.

शोभा म्हणजे माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. मूळची अकोल्याची. तिचे यजमान विश्वासराव इथल्या कारखान्यात क्रेन तपासायचे. हूक, साखळ्या, तारेचे दोर बघायचे, वजन टांगून चाचणी घ्यायची आणि मग सही करायची. त्यांची सही झाल्याशिवाय क्रेन हलत नसे. पस्तीस वर्षं हे केलेला माणूस घरात तरी वेगळा कसा वागेल? माळ्यावरून डबा काढायचा असला, तरी शिडीवर आधी ते चढून बघणार, मग बायकोला चढू देणार.

शोभाचा स्वभाव नेमका उलटा. तिला बसवत नाही. माझ्याकडे चहाला आली तरी बोलता बोलता माझ्याच दोरीवरचे कपडे काढून घड्या घालते.

लग्न होऊन ती भोपाळला आली १९८६ मध्ये. पहिल्याच हिवाळ्यात विश्वासराव तिला दसरा मैदानावरच्या मेल्यात, म्हणजे इथल्या जत्रेत, घेऊन गेले. तिथले मोठे चक्र, होड्या, फिरते घोडे, सगळ्याला इथे झुलाच म्हणतात. शोभा चक्राच्या रांगेत उभी राहिली, आणि हे वाकून खालचा सांधा बघू लागले. खिळीच्या जागी तार गुंडाळलेली दिसली. त्यांनी तिचा हात धरून तिला रांगेबाहेर काढलं. त्या दिवसापासून भोपाळमधला एकही झुला त्यांच्या तपासणीत पास झाला नाही.

पुढे दर हिवाळ्यात आमची अख्खी गल्ली मेल्यात जायची. आम्ही बायका किंचाळत चक्रात बसायचो, मुलं होडीत बसायची, आणि शोभा खाली उभी राहायची. चपला निसटून पडतात म्हणून सगळ्यांच्या चपला तिच्याकडे. पर्सही तिच्याकडे, आणि अर्धवट खाल्लेली कणसंसुद्धा. काल गाडीत मला आठवेना म्हणून आज जुन्या रोजनिश्या काढून बघितल्या. ३ जानेवारी १९९८ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: ‘मेला. चपलांचे अकरा जोड शोभाकडे.’ ती खाली का, हा विचार मी तेव्हा केलेला दिसत नाही. चपला मात्र मोजल्या होत्या.

या वर्षी तिला साठ पूर्ण झाली. पुण्याला असणाऱ्या मुलीने, मंजूषाने, फोनवर विचारलं की आई, तुला काय हवं. मंजूषाच्या डोक्यात पैठणी होती. शोभा म्हणाली, नात मोबाइलवर दाखवते ती उलटी होणारी गाडी आहे ना, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्या मोठ्या पार्कातली, तिच्यात बसायचंय. विश्वासराव जेवत होते, त्यांचा घास हातात राहिला. जायला हरकत नाही, बघून यावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बसण्याचा विषय त्यांच्यापुरता तिथेच संपला. शोभापुरता तो तिथे सुरू झाला.

मी भाचीकडे पुण्याला जाणारच होते. शोभाने मलाही ओढलं. “काकू, तुम्ही असलात की हे जरा कमी बोलतात,” असं तिने यजमानांच्या देखतच सांगितलं.

मंगळवारी सकाळी पुण्याहून निघण्यापूर्वी मी माझ्या यंत्रावर तिचा रक्तदाब मोजला. १२८-८२. माझा मी मोजला नाही, कारण या वयात मला बसू देणार नाहीत हे ठाऊक होतं. बारा वाजता पार्कात पोचलो. मी आयुष्यात असलं ठिकाण बघितलं नव्हतं, म्हणून मला थांबावंसं वाटत होतं. रंगीत बुरूज होते, बाहुल्यांची मिरवणूक होती, कारंजी होती. शोभा कशाकडेही बघेना. अकरा वर्षांच्या शमिकाचा, म्हणजे नातीचा हात धरून ती भराभर पुढे जायची, मागे वळून आम्हाला हाक मारायची आणि पुन्हा पुढे.

विश्वासरावांनी त्या उलट्या गाडीच्या दारावरच्या मुलीला चाचणीची नोंद कुठे ठेवता म्हणून विचारलं. तिला काही कळेना. तिने वरिष्ठाला बोलावलं. तो सभ्य माणूस होता. रोज सकाळी प्रत्येक सीटवर पाणी भरलेले पुतळे बसवून गाडी फिरवतो, असं त्याने नीट समजावून सांगितलं. विश्वासरावांनी विचारलं, एका पुतळ्यात लिटर किती. ते त्यालाही सांगता आलं नाही. तेवढं पुरे झालं. ते त्या गाडीच्या रुळाखाली, जिथे ती संपूर्ण उलटी होते त्याच्या बरोबर समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि चाकांचा आवाज ऐकत फेऱ्या मोजू लागले. मी त्यांच्या शेजारी. शोभा, मंजूषा आणि शमिका रांगेत गेल्या. जाताना शोभाने त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही तिला अडवलं नाही. नुसते म्हणाले, “आठवी.”

पाऊण तासाने तिघी खाली आल्या. शमिकाचे केस उभे, मंजूषाचा चेहरा पांढरा, आणि त्यांच्या मागून शोभा. तिच्या दोन्ही हातांत सामान. एक टोपी, तीन चष्मे, पाण्याच्या बाटल्या, कुणाची तरी छोटी बॅग.

काय झालं ते शमिकाने सांगितलं. वर सुटं सामान ठेवायला फळ्या होत्या, पण त्या पलीकडच्या बाजूला. पुढच्या मुलीने टोपी पुढे केली, “मावशी, जरा धरता का?” शोभाने धरली. मग तिच्या मैत्रिणीचा चष्मा, मग आणखी कुणाचं काही. शोभा सगळं घेत गेली आणि कुणाला अडचण नको म्हणून पिवळ्या रेघेच्या मागे सरकली. दांड्या खाली आल्या, गाडी सुटली. “माझ्या बाजूची सीट रिकामी,” शमिका म्हणाली, “आणि आजी तिकडे उभी राहून मला टाटा करतेय.”

विश्वासरावांनी इतका मोठा निःश्वास सोडला की मला ऐकू आला. शोभालाही आला. तिने आधी ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला शोधून दिली. मग परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“सुटलात ना?” तिने विचारलं.

ते म्हणाले, दोन वाजून गेले, आता जेवून घेऊ. मंजूषाने डबा उघडला. शोभा जेवली नाही, बसलीही नाही. बाकाभोवती चालत राहिली. आम्ही पोळी-भाजी खातोय आणि ही आमच्या मागून पुढे, पुढून मागे.  दर पाच-सहा मिनिटांनी डोक्यावरून गाडी धडधडत जायची, माणसं किंचाळायची, आणि ती तेवढ्यापुरती थांबायची.

साडेतीनला तिथला कर्मचारी सांगून गेला की चारनंतर रांगेत कुणाला घेणार नाही. शोभाने चपला काढल्या, उचलल्या आणि विश्वासरावांच्या हातात दिल्या. वर पर्स ठेवली. ओढणी काढून त्यावर ठेवली, चष्मा काढून ओढणीवर ठेवला.

“धरा. मी येईपर्यंत धरून उभे राहा. बसायचं नाही.”

शमिका मागे धावली, तिला तिने परत पाठवलं. अनवाणी गेली. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते तिने बाहेर काढले नाहीत.

विश्वासराव उभे राहिले. मी बाकावर जागा करून दिली, तरी बसले नाहीत. प्रत्येक गाडी उलटी होऊन गेली की आकडा सांगायचे. एकतीस. बत्तीस. ओढणी वाऱ्याने उडायला लागली तेव्हा सगळा ऐवज त्यांनी छातीशी धरला, चपलांसकट. छत्तीस. सदतीस. मग एक गाडी आली, गेली, आणि ते काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, ही कितवी. त्यांना सांगता आलं नाही.

शोभा आली ती केस मोकळे सुटलेल्या अवस्थेत. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. 

“काही दिसलंच नाही,” ती म्हणाली. “डोळे घट्ट मिटले होते.”

“चष्मा माझ्याकडे,” विश्वासराव म्हणाले. “उघडे असते तरी काय दिसणार होतं?”

शमिका हसली. शोभा हसली नाही. ती तशीच वळून पुन्हा रांगेकडे गेली, पण तिथे साखळी लावून झाली होती. त्या साखळीपाशी ती उभी राहिली, आणि विश्वासराव चपला घेऊन तिच्या मागे. चपला तिने पायात घातल्या त्या थेट बसपाशी आल्यावर.

आज दुपारी चार वाजता ती माझ्या दारात आली. बॅगा अजून उघडल्या नव्हत्या म्हणे. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्यावर उभी राहून तिने विचारलं, दसरा मैदानावरचा मेला यंदा कधीपासून आहे. मी पेपर बघून सांगते म्हटलं. पलीकडे विश्वासराव कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी ऐकलं. पाइप तसाच धरून ते म्हणाले की आधी ते स्वतः जाऊन झुला बघून येतील.

“या बघून,” शोभा म्हणाली. “काय सापडेल ते त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. मी बसणार आहे. या वेळी डोळे उघडे ठेवून.”

 पाणी कुंडी भरून बाहेर वाहायला लागलं तेव्हा विश्वासरावांनी नळ बंद केला आणि घरात गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला. मोठी बॅटरी कुठे ठेवली आहे, म्हणून शोभाला विचारत होते.

दिवेलागणीला मी त्यांच्याकडे गेले होते. नंतर रोजनिशीत आजची शेवटची ओळ लिहिली: ‘आठ दिवस घर बंद, दही आंबून गेलं होतं. शोभाने डेअरीतून ताजं दही आणलं होतं, त्यातलं विरजण आणलं, अर्धा लिटर दूध लावलं.’