तात्यांची नऊ कलमे

तात्या गेल्याचे पत्र मुंबईस कचेरीत माझ्या हाती पडले, तेव्हा तिसरा दिवसही उलटून गेला होता. दुःख झालेच, पण त्याच्या आधी, क्षणभर, सुटल्यासारखे वाटले… हे सांगितल्यावाचून पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तात्या माझे थोरले बंधू. रत्नागिरीच्या आमच्या परसात ते हापूसची कलमे बांधीत. मृगात रायवळ आंब्याच्या बाठी रुजवायच्या, पुढल्या पावसाळ्यात ती रोपे कुंड्यांसकट हापूसच्या झाडाभोवती घातलेल्या मांडवावर चढवून हापूसच्या फांदीला केळीच्या सोपटाने बांधायची, आणि सांधा जुळून दिवाळीच्या सुमारास फांदी तोडीपर्यंत दोन्ही वेळा पाणी घालायचे. संगमेश्वराहून माणसे त्यांच्या कलमांसाठी येत.

पंधरा वर्षांपूर्वीच्या आश्विनात वहिनींच्या आईच्या आजारपणामुळे तात्या आणि वहिनी मालगुंडास गेले. मी रजेवर आलो होतो. मांडवावरच्या नऊ कुंड्या त्यांनी माझ्यावर सोपवल्या. मी हातखंब्यास एका स्नेह्याकडे म्हणून गेलो आणि पत्त्यांच्या डावात चार दिवस रमलो. परतलो तो रोपांनी माना टाकलेल्या. घागरीमागून घागरी ओतल्या… दुसऱ्या दिवशी तात्या आले. त्यांनी पाण्याचे विचारले.

"दोन्ही वेळा घालत होतो," मी म्हणालो.

नऊच्या नऊ वाळली. न्यायला आलेल्या माणसांना तात्या हात जोडून सांगत, यंदा माझ्या हाताला यश नाही. शेजारचे बापू ओटीवर सर्वांदेखत म्हणाले, "तात्या, आता अळू लावा. ते कुणाच्याही हातून येतं." मंडळी हसली. मीही हसलो. पुढे माणसे येईनाशी झाली, आणि तात्यांनी मांडव पुन्हा घातला नाही.

गेल्या पंधरवड्यात वहिनींना भेटायला गेलो आणि सारे कबूल केले. त्या तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला नाही.

"भाऊजी, त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली होती, वरून पाणी ओतलेलं असूनही त्या फटीत बोट जात होतं. मी म्हटलं, विचारा तरी. तर म्हणाले, विचारलं तर आणखी एकदा खोटं बोलेल. सांगेल आपणहून."

दर दिवाळीस मी घरी आलो की तात्या मला परसात नेत. विहिरीच्या कठड्यावर शेजारी बसवून घेत, "बोल," एवढेच म्हणत, आणि बराच वेळ थांबत. मी त्यांना मुंबईच्या गमती सांगत असे.