हळदीचं बोलावणं

"मी तं काहीच नाही म्हणलं गा."

खापरखेड्याच्या वसाहतीत मार्तंडचं हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. एवढं बोलून तो ओठ मिटायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, किती भला माणूस, कुणाचं वाईट म्हणून तोंडातून काढत नाही.

रुपरावला तर तो भावासारखा. वीजकेंद्रात तीस वर्षं सोबत नोकरी केलेली. रुपरावची बायको दवाखान्यात होती तेव्हा रक्त मार्तंडनंच दिलं होतं. म्हणून मुलीचं, मिनलचं लग्न ठरलं आणि नेमकं रुपरावच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा नागपुरात धरमपेठेतल्या बहिणीकडं अक्षता आणि पत्रिका घेऊन त्यानं मार्तंडलाच धाडलं. फोनवर बोलावणं म्हणजे बहिणीचा अपमान. त्यांच्या घरात तसं कधी झालं नव्हतं. शिवाय पोरीला पहिली हळद लावायचा मान आत्याचा, सिंधूताईचा.

मार्तंड परतला आणि बराच वेळ चपलांची धूळ झटकत बसला.

"काय म्हणे सिंधू?"

"घेतल्या अक्षता."

"अन् मंग?"

"जाऊ दे ना गा. दमली असंन. दारातच घेतल्या, पाणीबी नाही विचारलं. मी तं काहीच नाही म्हणलं."

ते न विचारलेलं पाणी रुपरावच्या मनात आठवडाभर साचून राहिलं. तो फोन हातात घ्यायचा, पुन्हा ठेवून द्यायचा. आधी तिनं बोलावं.

हळदीच्या दिवशी मांडवात पाट मांडला. बायका वाट्या धरून थांबल्या. दहाचे बारा झाले. शेवटी काकूनं हळद लावली. मिनल दाराकडंच बघत होती.

दुपार कलली तेव्हा सिंधूताई आली. डोळे सुजलेले.

"दादा, तुह्या गुडघ्याले काही नाही म्हणे. व्याह्यांकडं रामदासपेठेत सोता गेला, अन् माह्याकडं दुसऱ्याले धाडलं. मार्तंडभाऊच सांगून गेले. नाहीच येणार होती मी. पण घरी बसवलं नाही."

"अन् तू त्याले पाणीबी नाही विचारलं?"

"काय बोलून राहिला? वडाभात जेवू घातला मी त्याले. दोनदा वाढला."

रुपराव काठी टेकत मांडवाच्या कोपऱ्यात गेला. मार्तंड तिथं पत्रावळ्या मोजून ठेवत होता.

"काहून केलं गा असं? तुले काय भेटलं?"

मार्तंडनं वर पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा नव्हता. कुणी अवघड गणित घातल्यासारखा होता.

"काही नाही भेटलं," तो हळूच म्हणाला. "तिनं ताट वाढलं, तुह्या गुडघ्याची चौकशी करत बसली, अन् माह्या तोंडातून निंघालं. मंग इकडंबी निंघालं. मलेच समजून नाही राहिलं."

रुपरावला त्याला शिवी द्यायची होती. तोंडात आलं ते, "जेवून जा." तेही अर्धंच बाहेर पडलं.

मार्तंड निघाला. वाटेत मांडवाचा एक बांबू कलला होता, तो त्यानं खांदा लावून सरळ केला, दोर आवळून बांधला, आणि कॉलनीच्या रस्त्याला लागला. काठीवर रेललेला रुपराव आणि त्याच्या मागं पदर धरून उभी असलेली सिंधूताई, दोघं बहीणभाऊ त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.