केसपेपरवरचं नाव

नवरा बिघडलाय की शेजारी, हेच मुलुंडच्या चाळीतल्या विमला परबला कळेनासं झालं होतं. साल सत्त्याऐंशी. तिचा नवरा लवू कारखान्यात फिटर, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. होळीनंतर त्याने झरोक्याला वर्तमानपत्रं चिकटवली. "बाजूची मंडळी आपलं बोलणं ऐकतात," म्हणाला. मग घरात कुजबुजायला लागला. मग कामावर जाणंच सोडलं.

धाकट्या दिराने, दादूने, निकाल लावून टाकला. "वयनी, तेका गावाक घेवन चला. देवाक गाराणा घालूया."

विमलाला ते पटलंही. पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मृणालिनीबाईंनी तिला नळावर बाजूला घेतलं. "मानसिक रोगांच्या डॉक्टरला दाखवा हो. भिंतीतून सगळं ऐकू येतं आम्हाला."

विमला भरलेला हंडा तसाच सोडून बघत राहिली. म्हणजे ऐकतात तर! मग हा खोटं काय बोलत होता? आणि वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं हे चाळभर झालं, तर क्षमाला स्थळं कुठून येणार? मुलगी बारावीला होती.

चार दिवस हो-नाही करण्यात गेले. पाचव्या दिवशी आपल्या कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिली.

"पेशंटचं नाव?" केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं.

लवूचं नाव ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. "विमला लवू परब," ती म्हणून गेली.

आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "झोप येत नाही," विमला म्हणाली, आणि तेवढं तरी खरं होतं. मग मात्र तिला रडूच फुटलं. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "मिस्टरांना घेऊन या."

घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, "अहो, मी डॉक्टरकडे गेले होते. नवऱ्याला आणा म्हणाल्या."

"तुला काय झालं गं?" लवूने मोठ्याने विचारलं. कितीतरी आठवड्यांनी तो मोठ्याने बोलला होता.

"डोकं चालत नाही माझं."

सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. बायकोची तक्रार सांगायला बसला आणि बोलता बोलता शेजाऱ्यांवर आला. डॉक्टरीणबाई अर्धा तास ऐकत होत्या. "परब, गोळ्या तुम्हालाही लागतील," त्यांनी सरळच सांगितलं.

लवूने वळून विमलाकडे पाहिलं. संपलं, आता हा मलाही शेजाऱ्यांच्यातच धरणार, असं तिला वाटलं. पण त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

गोळ्या त्याने घेतल्या, मधूनमधून चुकवल्या. गणपतीत गावी जाऊन गाऱ्हाणंही घातलं. दिवाळीनंतर तो कामावर रुजू झाला. गुण कशाचा आला यावर दादू वाद घालतो, विमला नुसती मान हलवते. तिला खरंच ठाऊक नाही. दर महिन्याला हॉस्पिटलच्या दिवशी लवूच आधी तयार होतो आणि दारातून हाक मारतो, "चल गं, आज तुझी तारीख आहे."