सरळ बघा, मिस्त्री

भिंतीकडे नुसतं बघून मिस्त्री सांगत, "वर दोन सूत बाहेर गेलीय," आणि ओळंबा सोडला की भिंत बरोबर तेवढीच बाहेर निघे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. नजरेचा भारी तोरा. त्यामुळे लेकीच्या स्वयंपाकघरातल्या नव्या फरशा वाकड्या दिसल्या, तेव्हा त्यांनी फरशीवाल्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. त्या बिचाऱ्याने दोरी ताणून दाखवली. मिस्त्रींना ती दोरीच मध्ये वाकलेली दिसली. उजवा डोळा चोळून त्यांनी पुन्हा बघितलं, दोरी तशीच वाकलेली. डावा डोळा कधीच कामातून गेला होता. उरला होता तो हा एकच.

लेक त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. वयामुळे डोळ्याचा पडदा झिजतो, मधली नजर जाते. पण पडद्याखाली पाणी साचू लागताच इंजेक्शन दिलं तर डोळा वाचतो, असं डॉक्टरांनी समजावलं. पाणी आहे की नाही ते यंत्र सांगणार. पडद्याचा काप घेतल्यासारखा फोटो काढणारं ते यंत्र एका अंधाऱ्या खोलीत होतं आणि फोटोवाल्या बाई कायम घाईत. हनुवटी टेकवा, पापणी हलवू नका, हिरवा ठिपका दिसतोय ना, त्याच्याकडे सरळ बघा. सरळ बघितलं की तिथे नुसता करडा डाग. नजर जरा बाजूला नेली की ठिपका लख्ख.

"दिसतोय," मिस्त्री म्हणाले. फोटो निघाला. पाणी नव्हतं.

तीन महिन्यांनी दाराची चौकटही वाकली. पुन्हा फोटो काढला, कागदावर आलं, 'बदल नाही'. मग नातीच्या चेहऱ्यातले नाक-डोळे पुसल्यासारखे झाले. मिस्त्री सांगून सांगून थकले, पण रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर ऐकतो कोण? जावई म्हणाला, काम सुटलं की माणसाला असं काहीतरी वाटतंच. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहाव्या महिन्यात पुन्हा तीच खोली. ठिपक्याचं फारसं टेन्शन घेऊ नका, बाई म्हणाल्या. यंत्राला पहिली जागा आठवते, ते दर वेळी आपोआप तिथलाच फोटो घेतं. मिस्त्रींनी हनुवटी उचलली. खालच्या थरावर विसंबून वरचा रचायचा नाही, दर थराला ओळंबा नव्याने सोडायचा, हे त्यांनी हाताखालच्या कित्येकांना शिव्या घालून शिकवलं होतं.

"बाई, पहिली जागाच चुकली असेल तर?"

"कशी चुकेल? तुम्ही ठिपक्याकडे बघत होतात ना?"

"बघत होतो, पण तिरकं. सरळ बघितल्यावर तो मला कधी दिसलाच नाही."

बाईंनी जुने दोन्ही फोटो उघडले. पडद्याचा नेमका मधला भाग दोन्हींत सुटला होता. आजूबाजूची धडधाकट जागाच यंत्र इमानेइतबारे पुन्हा टिपत होतं, आणि डॉक्टर घाईघाईने 'बदल नाही' एवढंच वाचत होते. बाईंनी जागा नव्याने धरून फोटो काढला. पाणी होतं, भरपूर होतं, आणि मध्ये जुना वणही धरला होता.

इंजेक्शन आजच देऊ, डॉक्टर म्हणाले. कडेची नजर राहील, मधली मात्र आता परत येणार नाही. "सहा महिने आधी आला असतात तर..."

"आलो होतो," मिस्त्री म्हणाले. "दोनदा. ह्याच खुर्चीत बसलो होतो."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मिस्त्रींना आणखी पुष्कळ सुनावायचं होतं, सगळं अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात लेकीने हळूच विचारलं, "बाबा, ठिपका दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींचा सगळा राग तिथेच बसला. ती नेमकी कुठे उभी आहे, ते त्यांना नीट दिसत नव्हतं.

"नजरेच्या जिवावर संसार केला गं," ते म्हणाले. "दिसत नाही, असं म्हणायला जीभच उचलली नाही."